शुक्रवारचे पाय

तुम्ही दारात उभे आहात, असं समजा. समोर उंबरा आहे, बोटभर उंचीचा. पलीकडं कोवळं ऊन पडलंय आणि उन्हात कुणीतरी तुमची वाट बघतंय. तुमचे पाय दुखत नाहीत. कुणी तुम्हाला धरलेलं नाही. तुम्ही मनात म्हणता, चला. पाय उचलत नाहीत. पुन्हा म्हणता. अंग पुढं झुकतं, टाचा थरथरतात, पण तळवे फरशीला चिकटून राहतात. हवं तर आत्ता उठून करून बघा, पण पाय मुद्दाम दाबून धरू नका, ते खोटं होईल. फक्त असं समजा की तुमचं सांगणं तुमच्याच पायांना ऐकू येईनासं झालंय.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका सकाळी मी माझ्या दारात अशीच उभी होते, आणि वाट बघणारी होती गोदू.

गोदू म्हणजे शेजारच्या बाळासो मुसळ्यांची मुलगी. चौथीत होती. नाव गोदावरी, आजीचं ठेवलेलं, आणि त्या नावावर तिचा कायमचा राग. दप्तर मांडीवर घेऊन ती माझ्या कट्ट्यावर बसली होती. तिनं माझ्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं, मग परत पायांकडं.

"बाई, चिकटलं व्हय?"

मी मान हलवली.

"आज शुक्रवार हाय न्हवं," ती म्हणाली. आज दूधवाला येणार नाही असं सांगावं, तितक्या साध्या आवाजात. मग तिनं वही काढली आणि चित्र रंगवत बसली. माझा हात धरून ओढायला ती कधी आली नाही. बाकी सगळे ओढायचे. ओढलं की पाय आणखीच रुततात हे मोठ्या माणसांना कितीदा सांगूनही पटत नसे, आणि या पोरीला न सांगताच कळलं होतं.

तेवढ्यात तिची आई शेवंता धुण्याची बादली घेऊन बाहेर आली. मला दारात खिळलेली बघून तिनं बादली खाली ठेवली आणि नेहमीचं सुरू केलं. बाकीच्या दिवशी बाई पेठेत जाऊन भाजी आणतात, बँकेत जाऊन येतात, आणि शुक्रवारीच कसं धरतं? शुक्रवार म्हणजे देवीचा वार. म्हणजे देवीचंच काहीतरी राहिलंय. तिनं माझ्या वतीनं देवळात दोनदा ओटीही भरून टाकली होती. मी जन्मभर शाळेत मुलांना ग्रहणं आणि धूमकेतू समजावून सांगितलेली बाई. मला हसू आलं. पण माझं हसू तेव्हा तोंडावर येत नसे.

म्हणजे काय, ते सांगते. मला पार्किन्सन नावाचा आजार झालाय. तेव्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. लोकांना त्यातला थरथरणारा हात तेवढा दिसतो. बाकीचं दिसत नाही. माझं अक्षर बारीक होत गेलं. फळ्यावर ओळ सुरू करायची तेव्हा टपोरी असायची आणि संपेपर्यंत मोहरीएवढी व्हायची. मागची मुलं म्हणायची, बाईंनी मुंग्या सोडल्या. आवाज खाली गेला. ब्लाउजचे हुक लावायला इतका वेळ लागायचा की तोवर चहा निवायचा, आणि चहाचा कपही अर्धाच भरून घ्यावा लागायचा. चेहऱ्याचे स्नायू आखडले, त्यामुळं आत कितीही गंमत वाटली तरी तोंड रागावल्यासारखंच दिसायचं. निवृत्त झाल्यावर मी संध्याकाळी कट्ट्यावर गल्लीतली मुलं शिकवायला बसवत असे. नवीन मुलं माझ्या तोंडाकडं बघून घाबरायची. त्यावर गोदूनं उपाय काढला होता. कुणी काही विनोद केला की ती माझ्या डोळ्यांत बघायची आणि विचारायची, "बाई, आतनं हसला काय?" मी मान हलवली की ती सगळ्यांना जाहीर करायची, "बाई हसल्या रे," आणि मग सगळी पोरं हसायची.

आमची गल्ली यंत्रमागांची. घर तिथं शेड आणि शेड तिथं माग. बाळासोचा सगळ्यात जुना माग माझ्या सोप्याच्या, म्हणजे पुढच्या खोलीच्या भिंतीला लागून होता. तो चालला की माझ्या मांडणीतल्या वाट्या हलायच्या. परगावचा पाहुणा आला की दारातच कानावर हात ठेवायचा आणि विचारायचा, तुम्ही इथं राहता कसे? तेव्हा आम्हाला आठवायचं की आपल्याकडं आवाज असतो. एरवी गल्लीत कुणाला तो ऐकूच येत नसे. मीही लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने झोप आली नव्हती, पुढं विसरून गेले.

शुक्रवारी मात्र सगळे माग बंद. ही आमच्या गावची जुनी रीत. त्या दिवशी माग पुसायचे, तेल घालायचं, लाकडाला हळदकुंकू लावायचं, आणि मग दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. गल्लीतले सगळ्यात जुने विणकर तात्या हावळ म्हणायचे, मागाला बी अंग असतंय, त्याला बी सुट्टी पायजे. कुणी मोठ्या ऑर्डरीच्या नादानं शुक्रवारी माग चालवला तर तात्या त्याच्या दारात जाऊन नुसते उभे राहायचे. तेवढ्यानं तो माणूस खाली मान घालून बटण बंद करायचा.

आता माझी अडचण ऐका. सोमवार ते गुरुवार मी सावकाश का होईना, चालायची. शनिवारी, रविवारी चालायची. शुक्रवारी भिंत धरून स्वयंपाकघरात जायलाही मला युगं लागायची. डॉक्टर मिरजेचे, भले गृहस्थ. ते म्हणाले, गोळीचा असर कमीजास्त होतो, काही दिवस वाईट असणारच. मी गोळ्यांच्या वेळा बदलून बघितल्या, जेवण बदलून बघितलं. शुक्रवार काही सुधारला नाही. लोक बघायचे. कालच तर पेठेत भेटला होता बाई, असं म्हणायचे आणि त्या वाक्यापुढं जे म्हणायचं नाही ते डोळ्यांनी म्हणायचे. श्रीधर, माझा मुलगा, पुण्याहून फोनवर एकदा हळूच विचारता झाला, "आई, हे थोडं मनाचंही असेल का गं?" तो वाईट मुलगा नाही. मलाच कधी कधी शंका यायची, की मी माझ्याच नकळत सोंग करतेय की काय. आजारापेक्षा ती शंका जास्त पोखरायची.

अशातच श्रीधर एकदा नेमका शुक्रवारी आला आणि त्याच्या डोळ्यांदेखत मी न्हाणीघराच्या दारात अडकून पडले. कपाळाला खोक पडली. त्यानं जखम पुसली, पट्टी लावली. मग त्यानं ठरवलं. मला पुण्याला न्यायचं. शहराबाहेर त्यानं नवं घर घेतलं होतं. तिथं पाल चुकचुकली तरी ऐकू येते इतकी शांतता, असं तो सांगत होता. सूनबाईनं माझ्यासाठी बागेकडची खोली तयार केली होती. या खडखडाटात धडधाकट माणूस आजारी पडेल, तुला आता आराम हवा, शांतता हवी, असं त्याचं म्हणणं. त्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. मी होकार दिला.

होकार दिला खरा, पण त्याचा अर्थ मला माहीत होता. एकदा या घराला कुलूप लागलं की ते परत उघडणार नव्हतं. मला आयुष्यात आता फार काही नको होतं. माझी वांगी मी हातात घेऊन, दाबून, नाकारून निवडायची. संध्याकाळी पोरं बसवायची. दारातून आत आणि आतून दारात, माझ्या पायांनी. बागेकडच्या त्या खोलीत लोक मला प्रेमानं उचलून खुर्चीत ठेवतील आणि प्रेमानं उचलून पलंगावर ठेवतील, हे मला दिसत होतं. पण शुक्रवारी पडणाऱ्या बाईला कशाच्या जोरावर नाही म्हणता येतं?

मुलांना मी सांगितलं, की येत्या शुक्रवारी मी जाणार. बाकीची मुलं गलका करून मोकळी झाली. गोदूनं फक्त विचारलं, "शुक्रवारीच का?" मी म्हटलं, श्रीधरला त्या दिवशी रजा आहे. ती म्हणाली, "दुसऱ्या कुठल्या बी वारी जावा की. चालत तरी जाशीला."

त्याच आठवड्यात बुधवारी आम्ही दोघी पेठेतून परत येत होतो. आता शेवटचीच भाजी, म्हणून मी उगीच रेंगाळून घेतली होती. गोदू पिशवी घेऊन पुढं-मागं बागडत होती. गल्लीत शिरून आम्ही पिठाच्या गिरणीपर्यंत आलो आणि वरच्या अंगाला, विजेच्या डीपीपाशी, मोठा आवाज झाला. लाईट गेली. गिरणीवाला बाहेर येऊन वर बघायला लागला. मी पुढचं पाऊल टाकायला गेले आणि पाय थांबले. भर गल्लीत, बुधवारी. आता बुधवारही गेला, असं मला वाटलं.

गोदू वळली. नेहमीप्रमाणं तिनं माझ्या पायांकडं बघितलं. मग तिनं एक वेगळीच गोष्ट केली. माझ्याकडं पाठ केली आणि गल्लीकडं बघत उभी राहिली, मान वाकडी करून, लांबून कुणी हाक मारतंय का ते ऐकावं तशी. गिरणीवाल्यानं मला खुर्ची आणून दिली. पाऊण तासानं लाईट आली. मी खुर्चीतून उठले आणि घरापर्यंत चालत गेले. सगळ्यांना वाटलं बसल्यानं आराम पडला. मलाही तेच वाटलं. गोदू घरापर्यंत एक अक्षर बोलली नाही, आणि ती गप्प बसली की तिच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं हे तिच्या आईपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

गुरुवारी संध्याकाळी कट्ट्यावर ती माझ्याजवळ सरकली.

"बाई, तुमाला माग ऐकू येतोय?"

"कुठला माग?"

"ह्यो की. आमचा."

मी कान दिला. भिंतीपलीकडून तो चालूच होता. खटक, खटक, खटक. सकाळपासून चालू होता, वर्षानुवर्षं चालू होता, आणि त्या क्षणापर्यंत मला तो ऐकू आला नव्हता. ती आणखी काही विचारणार होती, पण तेवढ्यात श्रीधरची गाडी गल्लीत शिरली, पोरं गाडीमागं धावली आणि मला चहाचं बघायला उठावं लागलं.

शुक्रवारी सकाळी बॅगा गाडीत गेल्या. माझा पाट गेला, पोळपाट गेला, फोटो गेले. मला निरोप द्यायला गल्ली गोळा झाली. तात्या हावळ काठी टेकून समोरच्या ओट्यावर बसले होते. शेवंता डोळ्यांना पदर लावून. सगळं इतकं शांत होतं की कुणाच्या तरी पत्र्यावर कावळा चालत होता त्याचीही नखं वाजत होती. मी आतून दारापर्यंत भिंत धरून आले आणि उंबऱ्यापाशी अडकले.

श्रीधर समोर आला. हात पुढं करून म्हणाला, "आई, उचलतो मी."

मी म्हटलं, थांब. या घरातून तरी माझ्या पायांनी बाहेर जाऊ दे.

तो थांबला. सगळे थांबले. माझे पाय काही निघेनात. मी मनात त्यांची विनवणी केली, त्यांना रागावले, लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. कपाळावर घाम आला. लोक आपापल्या पायांकडं बघायला लागले, कारण माझ्याकडं बघणं त्यांना अवघड झालं. गोदू गर्दीत कुठं दिसत नव्हती. श्रीधरनं घड्याळाकडं बघितलं नाही, पण ते न बघण्यासाठी तो धडपडतोय हे मला कळलं. मी म्हणणारच होते, उचल बाबा.

तेव्हा शेजारच्या शेडमधून गोदूचा आवाज आला.

"पप्पा, माग चालू करा."

बाळासोनं काय म्हटलं ते ऐकू आलं नाही.

"भिंतीकडचा. चालू करा की."

"गोदे, शुक्रवार हाय आज." आता बाळासोचा आवाज मोठा झाला. "समोर तात्या बसल्यात. चल, बाईंना नमस्कार कर जा."

"बाईंचं पाय मागावर चालत्यात, पप्पा."

शेडमध्ये कुणीतरी हसलं. बाहेरही दोघेतिघे हसले. शेवंतानं तिला घरात येण्यासाठी हाक मारली. पण ती आमच्याकडची पोर, मुलांसारखं 'मी जातो, मी येतो' बोलणारी, थांबली नाही. ती बापाला सांगत होती आणि सगळी गल्ली ऐकत होती. शुक्रवारी माग बंद, शुक्रवारी बाई बंद. बुधवारी लाईट गेली, माग थांबलं, बाई थांबल्या. लाईट आली, माग लागलं, बाई चालल्या. मी बघत हुतो. देवीचं काय न्हाई त्यात. बाईंनीच शिकवलंय, घेवड्याच्या बिया लावल्या तवा, की बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलून बघायची.

"एकदा बदलून बघा," ती म्हणाली. "न्हाई चालल्या तर लगेच बंद करा. मी तात्यांच्या पाया पडतो."

बाळासो शेडच्या दारात आला. हातात पुसायचं फडकं तसंच होतं. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. मग समोर, तात्यांकडं. तात्यांचा चेहरा दगडासारखा. त्यांनी काठी उचलली नाही की ठेवली नाही. बाळासो गल्लीत राहायचं असलेला माणूस होता, आणि हे काय करायला निघालोय ते त्याला कळत होतं. मग तो आत गेला.

बटणाचा आवाज आला. मोटार घुमली. माग एकदा अडखळला, दोनदा अडखळला, आणि मग त्यानं ठेका धरला. खटक. खटक. खटक. एवढ्या शांततेत एकटाच वाजणारा माग मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. भिंतीतून आवाज आला, फरशीत उतरला, तळव्यांना लागला.

आणि माझा उजवा पाय उचलला.

मी उचलला असं म्हणणार नाही. मी तेव्हा काहीच करत नव्हते. मी फक्त ऐकत होते. पाय उंबऱ्यापलीकडं टेकला, मग डावा आला, मग पुन्हा उजवा. श्रीधर हात पसरून उभा होता, चालायला शिकणाऱ्या मुलापुढं उभं राहतात तसा. मी त्याच्या बाजूनं निघून गेले. अंगणात उतरले. गल्लीत आले. शेवंताचा पदर डोळ्यांवरून खाली आला होता. मी अख्खं आयुष्य या पायांवर काढलं होतं, पण चालणं ही काय चीज आहे ते मी त्या सकाळी पहिल्यांदा बघितलं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडतात तेव्हा कसं वाटतं, तसं मला माझ्या स्वतःच्या दोन पायांकडं बघून वाटत होतं.

पुढं मिरजेच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत पुढं सरकून ऐकत राहिले. मग त्यांनी समजावलं. प्रत्येकाच्या आत चालण्याचा एक ठेका असतो, आपल्याला तो जाणवतही नाही. या आजारात तो हरवतो. बाहेरून कुणी ठेका दिला तर कधी कधी पाय तो उचलतात. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, आणि गोळ्या सोडायच्या तर मुळीच नाहीत. असतं असं, ते म्हणाले, पण मागाचं मी पहिल्यांदा ऐकतोय.

मी चालत राहिले. दोन-तीन घरं ओलांडली तसा बाळासोचा माग मागं पडत गेला. आवाज विरळ झाला. पावलं लहान झाली, टाचा थरथरायला लागल्या. मला कळलं की आता थांबणार. ते समोरच्या ओट्यावर बसलेल्या माणसालाही कळलं. तात्या हावळ उठले. काठी ओट्यावरच राहिली. ते मला ओलांडून पुढच्या, स्वतःच्या शेडमध्ये गेले, आणि चाळीस वर्षं शुक्रवारी न वाजलेला त्यांचा माग वाजायला लागला.

मग कुणाला सांगावं लागलं नाही. मी जिथं पोचायची त्याच्या पुढच्या घरात माणूस आत पळायचा आणि माग सुरू व्हायचा. हळदकुंकू लावलेले माग, नुकतं तेल घातलेले. एक घर मागं पडायचं, पुढचं मला उचलून घ्यायचं. माझ्या मागं गल्ली चालत होती, श्रीधर चालत होता. तो रडत होता का ते मी वळून बघितलं नाही. मला वळणं अवघड जातं.

श्रीधरनं त्या दिवशी बॅगा परत आत आणल्या आणि पाटही परत आणला. ही गोष्ट मी तुम्हाला सांगतेय ती त्याच कट्ट्यावरून. पण ते त्याचं त्यानं ठरवण्याआधी एक गोष्ट झाली, ती सांगते आणि थांबते.

गल्ली संपते तिथं मोठा रस्ता लागतो. शेवटचं घर पानपट्टीवाल्याचं, त्याच्याकडं माग नाही. तिथपर्यंत मी गेले आणि कोपऱ्यावर उभी राहिले. मागं सगळी गल्ली खडखडत होती, आणि पुढं नुसता रस्ता. एरवी पेठेपर्यंत दोन्ही बाजूंच्या शेडा वाजत असतात, आज त्याही बंद. सायकली, एक टेम्पो, पलीकडं पेठ. आवाज इथवर पोचत होता, पण पुसट. पायांना पुरेल इतका नव्हता. पाय थांबले.

श्रीधर माझ्या शेजारी आला. तो टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता, आणि त्याच्या आवाजात भीती होती.

"आई, इथपर्यंत झालं. पण याच्यापुढं? गल्लीबाहेर तुला माग कुठून आणून देऊ?"

बाळासो फडकं हातात घेऊन उभा, तात्या धापा टाकत मागून आलेले.

गोदू सगळ्यांच्या मधून वाट काढत माझ्यापुढं आली. तिनं पायातल्या दोन्ही स्लिपरा काढल्या आणि हातांत चढवल्या. क्षणभर मान वाकडी करून गल्लीकडं कान दिला. मग माझ्याकडं तोंड करून, स्लिपरा एकमेकींवर हापटत, तिनं तो ठेका बरोबर धरला, आणि उलट्या पावलांनी अनवाणी रस्त्यावर उतरली.